मदत हवी आहे: हिवाळ्यात कॅमेलियनच्या पिल्लांचा पिंजरा कोरडा पडतोय

टोरोंटो. व्हेल्ड कॅमेलियन या परदेशी सरड्याची तीन महिन्यांची दोन पिल्लं, दोघांना वेगळे जाळीचे पिंजरे (40×40×60 सेंमी), मध्ये पुठ्ठा, म्हणजे एकमेकांना दिसत नाहीत. (आपल्याकडचा घोयरा सरडा नव्हे, तो कायद्याने संरक्षित आहे, पाळता येत नाही.) 6 टक्के यूव्हीबीची (अतिनील किरणांची) टी5 ट्यूब (बारीक ट्यूबलाइट) वरच्या फांदीपासून 20 सेंमीवर, शेकायच्या जागी 28 अंश, रात्री 19. झाडं खरी: पोथॉस, शेफ्लेरा.

हीटिंग सुरू झाल्यापासून खोलीत आर्द्रता जेमतेम 25 टक्के. रात्री पिंजऱ्यात 80च्या वर हवी, मिळते 45. पहाटे आणि रात्री दोन-दोन मिनिटं फवारा मारला, तर अर्ध्या तासात सगळं कोरडं. तीन बाजूंना प्लास्टिक लावल्यावर 75पर्यंत गेली, पण पानं दुपारपर्यंत ओलीच राहिली आणि तळाशी बुरशी धरली. ओलं आणि कोंदट म्हणजे श्वसनाच्या संसर्गाला आमंत्रण, म्हणून काढून टाकलं. युरेट (विष्ठेसोबत पडणारा घट्ट मूत्राचा भाग) अजून पांढरे आहेत, डोळे खोल गेलेले नाहीत, म्हणजे अंगात पाणी कमी पडलेलं नाही.

आता रात्री 1 ते 5 फॉगर (थंड धुकं सोडणारं यंत्र) लावणार, फक्त डिस्टिल्ड पाण्यावर. खोलीभर ह्युमिडिफायर नको, खिडक्यांवर पाणी साचतं आणि घर भाड्याचं आहे.

फॉगरसोबत किती बाजू झाकायच्या: फक्त पाठ आणि एक कड, की तिन्ही लावून सकाळी काढायच्या?