'विभाजक' : वाटणारा की निवडणारा?

मूळ प्रश्न
ऑप्टिकल फायबर (प्रकाश वाहून नेणारी काचेची तार) जोडणाऱ्या मुलांसाठीची प्रशिक्षण पुस्तिका मराठीत करते आहे. 'स्प्लिटर'ला मी 'विभाजक' लिहिलं. पुढे 'डीमक्स' आला, तर जुन्या हस्तलिखितात त्यालाही 'विभाजक'च! वर्गात एकानं विचारलं, "मॅडम, म्हणजे एकच वस्तू ना?" तसं नाही. स्प्लिटर प्रकाशाची ताकद वाटतो. दोन फाटे केले की प्रत्येकात निम्मी, म्हणजे ३ डेसिबल कमी, पण सगळ्या तरंगलांबी दोन्हीकडे. डीमक्स मात्र एकेक तरंगलांबी वेगळ्या फायबरवर काढून देतो. शब्द सुचवा.

— भावांत जमीन वाटतात, तांदूळ निवडतात. वाटणीत प्रत्येकाला सगळ्यातलं थोडं. निवडताना खडे इकडे, तांदूळ तिकडे. स्प्लिटर 'वाटपक', डीमक्स 'निवडक'.

— 'निवडक' म्हणजे मोजके. निवडक निबंध. चालणार नाही. 'विलगक' घ्या.

— सतरा वर्षं याच कामात आहे. रात्री दोनला लिंक गेली की फोनवर 'मक्स बघ' एवढंच म्हणतो. तेच खोकं एका बाजूनं मक्स, म्हणजे सगळ्या तरंगलांबी एका फायबरवर आणणारं, उलट्या बाजूनं डीमक्स. दोन संस्कृत नावं कशाला? १५३० ते १५६५ नॅनोमीटरच्या पट्ट्यात ०.८ नॅनोमीटर अंतरानं चाळीसेक रंग बसतात, एवढं मुलांना कळलं की झालं.

— दादा, पुस्तिकेत 'रंग' नको! पोरं फायबरच्या टोकात डोकावतील. प्रकाश अवरक्त आहे, दिसत काहीच नाही आणि डोळ्याला इजा होऊ शकते. 'तरंगलांबी'च लिहा.

— हे मान्य. बोलण्यात रंग, छापताना तरंगलांबी.

— एकत्र आणण्याला 'मिश्रण' म्हणू नये, एवढी विनंती. त्रिवेणी संगम आठवा. मक्सला 'गुंफक' म्हणा.

— संगमानंतर गंगेतून यमुना परत काढता येते का? इथे तर पलीकडे सगळं जसंच्या तसं सुटतं. संगम नाही, वेणी म्हणा. तीन पेड घालायचे, मग उकलायचे.

— पेड की पदर? आजी 'तीन पदरी वेणी' म्हणायची.

— आमच्याकडे दोरीला पदर, वेणीला पेड.

मूळ प्रश्नकर्ती : सोमवारी छपाई आहे. 'विभाजक' स्प्लिटरपुरता ठेवते, दुसऱ्याला सध्या 'डीमक्स'. 'विलगक'वर अजून कुणी बोलेल का?

— पण गजऱ्याला पदर म्हणतात की सर?