कोलॅजेन पावडर: त्वचा, केस, गुडघा सगळ्याला एकच औषध? मदत हवी आहे

मंडळी, नमस्कार.

पन्नाशी ओलांडली, पाळी थांबली आणि तक्रारी एकदमच सुरू झाल्या. त्वचा कोरडी आणि सैल पडलीय, कंगव्यात केसांचा पुंजका येतो, जिना उतरताना उजवा गुडघा दुखतो. माझी धाकटी बहीण कोलॅजेन पावडर घेते आणि चेहरा तजेलदार झाल्याचं सांगते. (मला फरक दिसत नाही, पण हे तिला कोण सांगणार!)

थोडं वाचलं. शरीरातल्या एकूण प्रथिनांपैकी साधारण 30 टक्के कोलॅजेन असतं, आणि पाळी थांबल्यानंतरच्या पहिल्या पाच वर्षांत त्वचेतलं कोलॅजेन सुमारे 30 टक्क्यांनी घटतं. इथपर्यंत पटलं. पण खाल्लेलं प्रथिन तर पोटात पचतं. ते नेमकं गालावर किंवा गुडघ्यात कसं पोचणार? शिवाय एका डब्यावर रोज 10 ग्रॅम लिहिलंय, दुसऱ्या कॅप्सूलवर फक्त 40 मिलिग्रॅम. एवढी तफावत कशी? मी शाकाहारी आहे, त्यामुळे ‘व्हेगन कोलॅजेन’ काय असतं तेही सांगा. ब्रँड सुचवू नका, आधी घ्यावं की नाही ते ठरू दे.

– निरागस_शंका

खडूफळा:
ताई, जीवरसायनशास्त्र शिकवतो, डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो.

पचनाबद्दलची तुमची शंका बरीचशी बरोबर आहे. बहुतेक कोलॅजेनची अमिनो आम्लं होतात आणि शरीर ती हवी तिथे वापरतं. पण हायड्रॉक्सीप्रोलिन (कोलॅजेनमधलं एक खास अमिनो आम्ल) असलेले दोन-तीन अमिनो आम्लांचे काही तुकडे न तुटता रक्तात उतरतात, हे मोजलं गेलंय. त्यामुळे ‘काहीच शोषलं जात नाही’ हेही खरं नाही. अर्थात रक्तात तुकडा सापडणं वेगळं आणि सुरकुती कमी होणं वेगळं. 2025 मध्ये 23 चाचण्यांचा एकत्रित आढावा आला. सगळ्या चाचण्या एकत्र धरल्या तर त्वचेचा ओलावा, लवचीकपणा, सुरकुत्या सगळंच सुधारलेलं दिसलं. पण कंपन्यांच्या पैशांशिवाय झालेल्या चाचण्या तेवढ्याच वेगळ्या पाहिल्या, तर फायदा दिसला नाही. यावरून काय ते समजा.

10 ग्रॅम आणि 40 मिलिग्रॅम या दोन वेगळ्याच गोष्टी आहेत. पावडर म्हणजे हायड्रोलाइज्ड कोलॅजेन, बारीक तुकडे केलेलं. ते ग्रॅममध्येच घेतात. 40 मिलिग्रॅमवालं असतं अनडिनेचर्ड टाइप 2, कोंबडीच्या कूर्चेतून काढलेलं, मूळ रचना शाबूत ठेवलेलं. ते कच्चा माल म्हणून देत नाहीत. आतड्यातल्या प्रतिकारशक्तीमार्फत सांध्याचा दाह कमी व्हावा, अशी त्यामागची कल्पना. गुडघेदुखी थोडी कमी झाल्याचं दोन्हींच्या काही चाचण्यांत दिसलंय. झिजलेली कूर्चा परत वाढते, असा पुरावा मात्र नाही. मांडीच्या स्नायूंचे व्यायाम आणि वजन आटोक्यात ठेवणं यांचा पुरावा कितीतरी भक्कम आहे.

कोलॅजेन वनस्पतींत नसतंच. ‘व्हेगन’ डब्यात बहुधा अमिनो आम्लं आणि क जीवनसत्त्व असतं. क जीवनसत्त्वाशिवाय कोलॅजेनचा पीळ घट्ट बसत नाही, स्कर्व्हीत (क जीवनसत्त्वाच्या कमतरतेच्या आजारात) हिरड्यांतून रक्त येतं ते त्यामुळेच. पण आहारात ते पुरेसं असेल तर जास्त घेऊन कोलॅजेन जास्त बनत नाही.

मेतकूट_जमलं:
खडूफळा, केस राहिले की!

खडूफळा:
हो. केस केराटिन या वेगळ्या प्रथिनाचे असतात, कोलॅजेनचे नाहीत. केसांसाठीचा पुरावा फारच तुटपुंजा आहे. ताई, केस का गळतात ते कळायला पावडरीआधी थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासून घ्या. कोलॅजेनच्या बऱ्याच डब्यांत केसांच्या नावाखाली बायोटिन (एक ब जीवनसत्त्व) घातलेलं असतं आणि त्याच्या मोठ्या डोसाने थायरॉइडचे आकडे चुकीचे येऊ शकतात. हृदयविकाराचा झटका ओळखण्यासाठी करतात त्या ट्रोपोनिन तपासणीचेसुद्धा. अमेरिकेच्या एफडीएने (अन्न-औषध नियामक संस्थेने) 2017 मध्ये याबद्दल इशारा दिला होता.

जुनी_खोडं:
मला पावडरीने गुडघ्याला आराम पडला, कोणी काही म्हणो.

मेतकूट_जमलं:
काका, त्याच सुमारास तुमची फिजिओथेरपीही चालू होती ना? आणि ताई, कोणाच्या घरी माशांची ॲलर्जी असेल तर ‘मरीन’ लिहिलेला डबा टाळायला सांगा. अजून एक, कोलॅजेनमध्ये ट्रिप्टोफॅन हे आहारातूनच मिळवावं लागणारं अमिनो आम्ल नसतं. रोजच्या प्रथिनांच्या हिशेबात ते पूर्ण प्रथिन म्हणून धरू नये.

निरागस_शंका:
सगळ्यांचे आभार. कोलॅजेन प्राण्यांचंच असेल तर माझा प्रश्नच मिटला. रक्त तपासून घेते आणि गुडघ्याचे व्यायाम शिकून घेते. एकच शेवटचं: मी केसांसाठी बायोटिनची गोळी घेतेच आहे. तपासणीआधी किती दिवस थांबवू?

खडूफळा:
अमेरिकन थायरॉइड असोसिएशन किमान दोन दिवस सांगते. डोस मोठा असेल तर लॅबला आधी विचारा. आणि रक्त देताना गोळीचं नाव सांगाच.