अनुभव हवेत: घरची कॉफी, कोल्ड ब्रूपासून एस्प्रेसोपर्यंत (सातारा-सांगलीकरांसाठी)

आपल्याकडं चहा रोजचा आणि कॉफी उपासाला किंवा पाहुण्याला, हे गणित आता बदललंय. साताऱ्यात, सांगलीत कितीतरी ओट्यांवर मोका पॉट (गॅसवर वाफेच्या दाबानं कॉफी काढणारं भांडं) दिसतो, काही घरांत एस्प्रेसो (जोरदार दाबानं काढलेली थोडी, कडक कॉफी) मशीनही आलंय. कृती मात्र बहुतेक बाहेरच्या पाण्यावर आणि बाहेरच्या दुधावर बेतलेल्या असतात. आपल्या बोअरच्या पाण्यात, म्हशीच्या दुधात, पावसाळी हवेत त्या फसतात. म्हणून जाणकारांना विनंती: ज्यावर तुमचा हात बसलाय तेवढंच लिहा, पण ग्रॅम, मिलिलिटर, मिनिटं यांसकट लिहा. काय बिघडतं आणि का, ते आवर्जून. 'छान होते' एवढ्यानं कुणाचं काम होत नाही. आलेली उत्तरं खाली, प्रत्येकावर लिहिणाऱ्याचं ठिकाण.

विश्रामबाग, सांगली

पाण्यापासून सुरुवात करा, कारण काळ्या कॉफीत 98 टक्के तेच असतं. बोअरचं पाणी जड. त्यातले क्षार कॉफीचा हवाहवासा आंबटपणा मारतात, चव खडूसारखी येते आणि किटलीच्या तळाला पांढरा थर बसतो. मग लोक एकदम आरओच्या पाण्यावर जातात आणि तिथंही फसतात. टीडीएस (लिटरभर पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, मिलिग्रॅममध्ये) 30 च्या खाली गेला की कॉफी पातळ आणि टोचरी आंबट लागते. चव उतरायला पाण्यात थोडं कॅल्शियम-मॅग्नेशियम लागतं, आणि आंबटपणा सावरायला थोडा बायकार्बोनेट. 150 च्या आसपास टीडीएस उत्तम, 75 ते 250 चालतो. दोन भाग आरओ आणि एक भाग नळाचं पाणी मिसळून मीटर लावा, मग प्रमाण कमीजास्त करा. एक लक्षात असू द्या, मीटर एकूण क्षार सांगतो, जडपणा सांगत नाही. मचूळ बोअरचं पाणी आरओत मिसळून आकडा जुळला तरी कॉफीला घेऊ नका.

शाहूपुरी, सातारा

बिया गिरणीत दळायला नेऊ नका. हळद-मिरची दळलेल्या ठिकाणचा वास कॉफीतलं तेल लगेच धरतं आणि तो जात नाही. मिक्सरच वापरायचा असेल तर चटणीचं छोटं भांडं फक्त कॉफीसाठी ठेवा. एका वेळी 30 ग्रॅम, दोन-दोन सेकंदांचे झटके, प्रत्येक झटक्यानंतर भांडं हलवायचं. सलग फिरवलं की पात्यापाशी पीठ आणि वर भरड राहते. पिठातून कडूपणा उतरतो, भरडीतून नुसता आंबटपणा, आणि दोन्ही एकाच कपात येतात. मैद्याच्या चाळणीनं पीठ वेगळं काढलं की निम्मा त्रास जातो.

फ्रेंच प्रेस (दांड्याच्या जाळीनं पूड खाली दाबायचं भांडं) आणि कोल्ड ब्रूला (गार पाण्यात तासन्‌तास भिजवलेली कॉफी) जाड रवा, पोअर ओव्हरला (कागदी गाळणीतल्या पुडीवर हातानं पाणी ओतून केलेली) बारीक रवा, मोका पॉटला बारीक मीठ, एस्प्रेसोला पिठीसाखरेपेक्षा किंचित खरखरीत, एवढ्या खुणा बोटांना पुरतात. पैसे एकाच वस्तूवर घालायचे असतील तर ते बर (पात्याऐवजी बी चिरडणारे दाते) असलेल्या हातग्राइंडरवर घाला, मशीनचं नंतर बघू. उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत पूड ग्राइंडरला चिकटून बसते, म्हणून दळण्याआधी बियांवर पाण्याचा एक थेंब टाकून हलवून घ्या.

मिरज

फिल्टर कॉफी. फिल्टर आधी गरम पाण्यानं विसळून कोरडा पुसा. वरच्या भांड्यात 25 ग्रॅम पूड घालून चकती नुसती टेकवायची, दाबायची नाही. पाणी उकळलं की अर्धं मिनिट थांबा. आधी 25 मिली गोल फिरवत ओता, पूड फुगू द्या, अर्ध्या मिनिटानं उरलेलं 95 मिली. झाकण लावा. 15 ते 20 मिनिटांत 70 मिलीच्या आसपास डिकॉक्शन (कॉफीचा घट्ट अर्क) उतरतं, बाकीचं पाणी पूड पिते. 5 मिनिटांत सगळं खाली आलं तर पूड जाड आहे किंवा कमी पडली. तासाभरानंतरही ठिबकतच असेल तर पूड फार बारीक आहे किंवा चकती दाबली गेलीय. फिल्टर ठोकू नका, चकती जरा उचलून सोडा.

रोजच अडत असेल तर भोकं बुजली आहेत. स्टीलचं वरचं भांडं कोरडं करून सांडशीत धरून गॅसवर तापवा, अडकलेली पूड जळते, मग गार झाल्यावर सुई फिरवा. पितळीला हा उपाय करू नका, आतली कल्हई वितळते. तिथं सुईच.

डिकॉक्शन परत कधीच उकळायचं नाही. गरम व्हायला हवं ते दूध. एक भाग डिकॉक्शनवर तीन भाग उकळतं दूध ओता, आणि कपातून वाटीत दोनदा उंचावरनं फिरवा.

सांगलीवाडी

मिरजकरांना पुरवणी. पाकिटावर चिकोरीची (कॉफीत मिसळतात ती भाजलेल्या मुळाची पूड) टक्केवारी छापणं बंधनकारक आहे, ती वाचल्याशिवाय घेऊ नका. मिश्रणात निदान 51 टक्के कॉफी हवी असा नियम आहे. चिकोरीनं रंग गडद होतो, घट्टपणा येतो, पण तिच्यात कॅफिन नसतं. तेव्हा काळीभोर म्हणजे कडक, असं धरू नका. 80 टक्के कॉफी, 20 टक्के चिकोरी यात कॉफीची चव शाबूत राहते.

कराड

मोका पॉट 1933 पासून जवळपास तसाच आहे, आणि त्यातल्या चुकाही त्याच. तीन कपांचा पॉट म्हणजे तीन छोटे कप, आपला जेमतेम एक. खालच्या भांड्यात झडपेच्या खालपर्यंतच पाणी, आणि तेही आधीच गरम केलेलं. गार पाणी घातलं की ते तापेपर्यंत वरची पूड भाजत राहते आणि कॉफी जळकी लागते. गाळणीत 15-16 ग्रॅम पूड सपाट भरायची, दाबायची नाही. काठावरचा कण न् कण पुसून काढा, नाहीतर रबरी रिंग नीट बसत नाही आणि वाफ बाजूनं सुटते. तळ गरम असतो, फडक्यात धरून घट्ट पिळा.

सर्वांत लहान बर्नर, मंद आच. शेगडीच्या काट्यांवर छोटा पॉट डुगडुगतो, खाली एक जाळी ठेवा. ज्योत तळाच्या बाहेर आली की हँडल वितळतं. झाकण उघडं ठेवून बघा: आधी मधासारखी गडद धार येते, मग पिवळट होते, मग फसफस सुरू होते. फसफस सुरू होताच उतरवा आणि तळ नळाखाली धरा. तिथं दहा सेकंद उशीर केला की सगळा कडूपणा वर येतो.

यात दाब जेमतेम 1 ते 2 बार असतो, एस्प्रेसोत 9. त्यामुळं वर सायीसारखा फेस आला नाही म्हणून पूड दाबत बसू नका, झडपेवर ताण येतो. ॲल्युमिनियमचा पॉट इंडक्शनवर चालत नाही, तारेच्या घासणीनं घासायचा नाही आणि ओला बंद करून ठेवायचा नाही.

गावभाग, सांगली

एस्प्रेसोत एकच वाक्य पाठ करा: 18 ग्रॅम आत, 36 ग्रॅम बाहेर, 25 ते 30 सेकंद. त्यासाठी 0.1 ग्रॅम दाखवणारा छोटा काटा हवाच, चमच्याचं माप इथं चालत नाही. बास्केट (पूड भरायची गाळणी) लहान असेल तर आत 14 आणि बाहेर 28.

36 ग्रॅम 15 सेकंदांत आले, रंग फिकट, चव आंबट, तर दळण एक खूण बारीक करा. 45 सेकंद थेंब-थेंब पडली, चव कडू, जीभ कोरडी, तर जाड करा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. वजनही बदललं, दळणही बदललं, तर कशानं सुधारलं ते कळत नाही.

धार एका बाजूला फवारली म्हणजे पाण्यानं पुडीत वाट फोडली. गुठळ्या हे त्याचं नेहमीचं कारण. बुचात चार-पाच बारीक सुया खोचून पूड तळापर्यंत विंचरा, वर सपाट करा, मग दाबा. किती जोरानं दाबलं याला फार महत्त्व नाही. तिरकं दाबलं तर मात्र हमखास बिघडतं.

खोक्यावरचा '15 बार' हा पंपाचा जोर, पुडीवर 9 पुरतात. स्वस्त मशीनबरोबर दुहेरी तळाची बास्केट येते, तिच्या तळाला एकच बारीक भोक असतं. तयार पुडीवर ती ठीक आहे, पण तिच्यातून येणारा फेस भोकाचा आहे, कॉफीचा नाही. दळण स्वतः करणार असाल तर एकेरी तळाची बास्केट मागवा. बिया भाजल्यावर 7 ते 14 दिवसांनी वापरा. कालच भाजलेल्यात वायू इतका असतो की फेस भरमसाट येतो आणि धार तुटत राहते. चिकोरीची पूड मशीनमध्ये अजिबात नको, ती फुगून जाळी बुजवते.

मशीन 1300-1500 वॅटचं असतं, म्हणजे 6 अँपिअरच्या साध्या पॉइंटवर पिन तापते. 16 चा पॉइंट द्या. लोडशेडिंगला घरचा इन्व्हर्टर त्याला पुरत नाही.

आता दूध. म्हशीच्या दुधात 6-7 टक्के फॅट, त्यामुळं घट्ट आणि गोडसर लागतं, पण फेस जड होऊन बसतो. गाईचं अर्धं मिसळा. तापवलेलं दूध असेल तर फ्रिजमध्ये गार करून गाळूनच घ्या, सायीचा एक तुकडा वाफेच्या नळीचं तोंड बंद करतो. टोक पृष्ठभागाच्या जेमतेम खाली ठेवून पहिली 4-5 सेकंद हवा द्या, कागद फाटल्यासारखा आवाज यायला पाहिजे. मग टोक आत घालून दूध गरगर फिरू द्या. 60-65 अंशांना थांबा, म्हणजे भांडं हाताला धरवेनासं होतं तिथं. नळी लगेच पुसा आणि एकदा वाफ सोडा.

क्षार काढायला लिटरभर पाण्यात 20 ग्रॅम लिंबूफूल पुरतं. मात्र आधी माहितीपत्रक बघा, ॲल्युमिनियमच्या बॉयलरला काही कंपन्या ते नको सांगतात.

पाचगणी

आमच्याकडं 1300 मीटर उंचीवर पाणी 95-96 अंशांनाच उकळतं. सांगलीत 98. त्यामुळं 'उकळल्यावर थांबा' ही सूचना इथं लागू नाही, किटली उतरवली की थेट ओता. पोअर ओव्हरला 15 ग्रॅम पुडीला 240 मिली पाणी. आधी 40 मिली, 40 सेकंद फुगू द्या, मग दोन ओतीत बाकीचं, एकूण तीन मिनिटांच्या आत. कागद आधी गरम पाण्यानं भिजवून ते पाणी टाकून द्या.

जून ते सप्टेंबर कॉफीचा डबा ओट्यावर ठेवू नका. आठवड्यापुरत्या पुड्या बांधून हवाबंद करून फ्रीझरमध्ये ठेवा, आणि बाहेर काढलेली पुडी खोलीइतकी कोमट झाल्यावरच फोडा. गार असताना फोडली की हवेतलं पाणी थेट कॉफीवर बसतं.

तासगाव

कोल्ड ब्रू: 100 ग्रॅम जाड पूड, 800 मिली पाणी, काचेची बरणी, एकदा ढवळून झाकण. एप्रिल-मेमध्ये बाहेर ठेवू नका, फ्रिजमध्ये 16 ते 18 तास. 24 च्या पुढं लाकडासारखी चव येते. आधी पिठाच्या चाळणीनं, मग मलमलीच्या दुहेरी फडक्यातून गाळा. नवीन कापडाची खळ आधी उकळत्या पाण्यात काढा, नाहीतर कॉफीला पेजेची चव येते. फडकं पिळायचं नाही, पिळलं की गाळ उतरतो. हाती 600 मिली अर्क येतो, तो पाच-सहा दिवस टिकतो. पिताना अर्काइतकंच पाणी किंवा दूध. बर्फ वितळणार हे धरून पाणी आधीच कमी घाला.

वाई

इन्स्टंटवाल्यांना कुणी विचारत नाही, पण बहुतेक घरांत तीच असते. दोन कपांना दोन चमचे कॉफी, दोन चमचे साखर, चमचाभर पाणी. चमच्यानं फिकट होईपर्यंत फेटा, मग वरून उकळतं दूध. साखरेशिवाय फेस फार टिकत नाही, कारण पाकाचा घट्टपणा बुडबुडे धरून ठेवतो. गूळ घालायचा तर गॅस बंद करून, दूध जरा निवल्यावर, नाहीतर फाटतं. जायफळ किसणीवर दोनदाच ओढा आणि कप भरल्यावर वरून टाका. दुधाबरोबर उकळलं की कडवट होतं.