मदत हवी आहे: मऊ वाळूत एटीव्ही उचलत नाही

मंडळी, नागावच्या किनाऱ्यावर चालणारी १५० सीसीची, स्कूटरसारखी बेल्टवाली एटीव्ही (जाड टायरची चारचाकी बाईक) आहे. घट्ट वाळूत ठीक, पण मऊ वाळूत डबल सीट निघालं की इंजिन दबतं, आरपीएम चढतच नाही. एअर फिल्टर साफ, बेल्ट नवा. व्हेरिएटर (वेगानुसार गिअर आपोआप बदलणारी बेल्टची पुली) उघडला तर त्यातले रोलर (छोटी गोल वजनं) एका बाजूने चपटे झालेले. मेकॅनिक म्हणतो, कार्बोरेटरमध्ये मोठा जेट (पेट्रोल सोडणारं छिद्र) टाका. पण प्लग छान विटकरी रंगाचा आहे, म्हणजे पेट्रोल-हवेचं प्रमाण बरोबर आहे, मग पेट्रोल वाढवून काय होणार?

माझा कल हलक्या रोलरकडे आहे, म्हणजे आरपीएम चढेल. टॉप स्पीड गेला तर जाऊदे, इथे पळवायचंय कुठे! १३ ग्रॅमवरून थेट ११ वर जावं का? सोबत क्लचच्या स्प्रिंगही कडक घ्याव्यात, की आधी नुसते रोलर बदलून बघू? वाळूत चालवणाऱ्यांनी कृपया सांगा.