टीबीच्या पेशंटला आर्जिनिनची पावडर द्यावी का?

सराफा_रात्रपाळी:
दवाबाजारात आर्जिनिन (प्रथिनांतलं एक अमिनो आम्ल) सुटं मिळतं, तर टीबीच्या गोळ्यांसोबत का देऊ नये? मॅक्रोफेज ही जंतू गिळणारी पेशी आर्जिनिनपासूनच नायट्रिक ऑक्साइड बनवते आणि जंतू मारते. इथिओपियात रोज 1 ग्रॅम, 4 आठवडे दिलं, तेव्हा एचआयव्ही नसलेल्यांची थुंकी लवकर निगेटिव्ह झाली.

सूक्ष्मजीवी:
साहेब, पुढचंही सांगा की! इंडोनेशियात तिमिकाला रोज 6 ग्रॅम देऊन पाहिलं, फायदा दिसला नाही. उंदराच्या मॅक्रोफेजमध्ये नायट्रिक ऑक्साइड भरपूर बनतं, माणसात तेवढं सापडत नाही. शिवाय आर्जिनेज नावाचं विकर तेच आर्जिनिन फोडून युरिया आणि ऑर्निथिन करतं. गिळलेल्यातला बराच भाग तर आतडं आणि यकृतच खातं. फुप्फुसातल्या गाठीपर्यंत पोचणार किती?

पलासिया_पॅथॉलॉजी:
आर्जिनिनपेक्षा ट्रिप्टोफॅन या दुसऱ्या अमिनो आम्लाचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं आहे. टी पेशी (प्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशी) सोडतात त्या इंटरफेरॉन गॅमा या संदेश देणाऱ्या प्रथिनामुळे मॅक्रोफेजमध्ये आयडीओ हे विकर वाढतं आणि ट्रिप्टोफॅन फोडून त्याचं काइन्युरेनिन नावाचं रसायन करून टाकतं. क्लॅमिडियासारखे जंतू अशाने उपाशी मरतात. टीबीचा जंतू मात्र ट्रिप्टोफॅन स्वतःच बनवतो, त्यामुळे उपासमार त्याची होत नाही. वर काइन्युरेनिन आपल्याच टी पेशींना थंड करतं. माकडांमध्ये आयडीओ रोखलं तर जंतू कमी झाले. कमतरता कुठे आणि अडथळा कुठे, हे न बघता पावडर ओतून काय होणार?

सराफा_रात्रपाळी:
मान्य, पण आपल्याकडचा पेशंट मुळात कुपोषित. तिमिकाचा निकाल त्याला जसाच्या तसा लावायचा का?

सूक्ष्मजीवी:
कुपोषित असेल तर जेवण द्या! झारखंडच्या रेशन्स चाचणीत पेशंटला रोज 1200 कॅलरी आणि 52 ग्रॅम प्रथिनं पुरवली, घरच्यांनाही तांदूळ, तूरडाळ दिली. घरच्यांमधला टीबी 39 टक्क्यांनी घटला. 50 ग्रॅम सोयाबीन वड्यांत 25 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं आणि दीड ग्रॅमच्या वर आर्जिनिन. माळव्यात सोयाबीनला तोटा नाही. निक्षय या सरकारी योजनेतून पेशंटला आहारासाठी मिळणारे महिन्याचे 1000 रुपये पावडरच्या डब्यावर घालवू नका.

पलासिया_पॅथॉलॉजी:
आणि बी6 जीवनसत्त्व विसरू नका. आयसोनियाझिड हे टीबीचं औषध ते कमी करतं, म्हणून पायांना मुंग्या येतात. काइन्युरेनिन पुढे फोडणाऱ्या विकरालाही बी6च लागतं. धोका असलेल्यांना रोज 10 मिलिग्रॅम पुरतं.

सराफा_रात्रपाळी:
वड्या ठीक, पण भूकच नसलेला पेशंट पहिल्या महिन्यात 50 ग्रॅम वड्या खातो कुठे? तेव्हा पावडरच पोटात जाते.

सूक्ष्मजीवी:
मग वड्या दळून कणकेत मिसळा, दिवसभरात थोडंथोडं द्या. नुसत्या आर्जिनिनने वजन वाढत नाही.