दीर्घिकासमूहांच्या टकरीवर प्रकल्प : कोणता समूह, कोणती दुर्बीण, कोणता लॅपटॉप?

रोहिणी_सोलापूर
नमस्कार. एम.एस्सी. भौतिकशास्त्र, दुसरं वर्ष. दोन दीर्घिकासमूह एकमेकांत घुसतात तेव्हा त्यांच्यातल्या कोट्यवधी अंश तापलेल्या वायूचं काय होतं, यावर प्रकल्प करायचाय. क्ष-किरण वातावरणातून खाली येत नाहीत, त्यामुळे डेटा अवकाश दुर्बिणींचाच; तो अर्काइव्हमधून फुकट मिळतो. हातात चार महिने आहेत. घरी जुना डेस्कटॉप आहे, लॅपटॉपला जास्तीत जास्त ३५ हजार. दुर्बीण चंद्रा घेऊ की एक्सएमएम-न्यूटन? समूह कोणता?

सातरस्ता८८
मॅकबुक प्रो घे. लाखाच्या वर जातात, पण माझा सात वर्षं झाली तरी पहिल्यासारखा चालतोय. चंद्राचं सीआयएओ सॉफ्टवेअर लिनक्स आणि मॅकवरच चालतं.

बाराबंदी
तिनं ३५ लिहिलंय. आणि विंडोजवर डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आतच लिनक्स चालवणारी सोय) टाकलं की सीआयएओ चालतं, मी कोंडा या इन्स्टॉलरमधून बसवलंय. समूह म्हणशील तर डोळे झाकून बुलेट क्लस्टर. ध्वनीच्या वेगाच्या तिपटीच्या आसपासचा (माख ३) आघात, म्हणजे शॉक वेव्ह, चंद्राच्या चित्रात धनुष्यासारखा स्वच्छ दिसतो.

सातरस्ता८८
डब्ल्यूएसएलवर फाइली उघडायला वेळ लागतो. अनुभव आहे.

नवीपेठ_नभ
आपला अ‍ॅस्ट्रोसॅट उपग्रह कुणालाच कसा आठवला नाही? २०१५ पासून वर आहे, त्यातली सॉफ्ट एक्स-रे दुर्बीण मुंबईच्या टीआयएफआर संस्थेची. परक्यांचाच डेटा का?

होटगीरोड
अभिमान मलाही आहे. पण त्या दुर्बिणीची तीक्ष्णता कलामिनिटांत (अंशाचा साठावा भाग) मोजायची आणि चंद्राची अर्ध्या कलासेकंदाची. आघाताची कडा तिथं पुसून जाईल.

रोहिणी, बुलेटवर फार काम झालंय. एबेल २१४६ बघ, चंद्रानं त्यात दोन आघात दाखवलेत. आणि चित्रात कडा दिसली की लगेच आघात लिहू नकोस. मी लिहिला होता. सरांनी एवढंच विचारलं, "तापमान कुठल्या बाजूला जास्त?" आघातात उजळ, दाट बाजू तापलेली असते. थंड आघाडीत (गार, दाट वायूची सरकती कड) उजळ बाजूच गार असते आणि दोन्हीकडचा दाब जवळपास सारखा. माझी उजळ बाजू गार निघाली, अख्खं प्रकरण परत लिहिलं. तापमानाला वर्णपट लागतो, वर्णपटाला फोटॉन. तेव्हा चित्र किती देखणं यापेक्षा एक्स्पोजर किती ते आधी बघ.

पार्कचौक_पाखरू
जुना लॅपटॉप अजिबात घेऊ नकोस. मी एका दुकानातून घेतला, एप्रिलच्या उन्हात पंखा बंद पडला, दुकानदार फोन उचलत नाही. डब्ल्यूएसएल चांगलं आहे, ते वापर.

बाराबंदी
डब्ल्यूएसएल मी वरच सांगितलंय.

होटगीरोड
एक्सएमएम घेतलंस तर दुर्बिणीवर अधूनमधून आदळणाऱ्या प्रोटॉनच्या भडक्यांचा वेळ कापावा लागतो. यादीतला वेळ आणि हाती लागणारा वेळ यांत बरंच अंतर पडतं. म्हणून चंद्राच घे.

रोहिणी_सोलापूर
सगळ्यांचे आभार. लॅपटॉप घेत नाहीये. डेस्कटॉपला रॅम वाढवली, एसएसडी लावली, लिनक्स टाकलं. निम्मे पैसेही गेले नाहीत.

समूह एबेल ३३७६, दुर्बीण एक्सएमएम. आयुका या खगोलसंस्थेतल्या जॉयदीप बागची यांच्या गटानं २००६ मध्ये याच समूहाच्या दोन टोकांना वलयासारख्या रेडिओ कमानी दाखवल्या. इतक्या जवळ, पुण्यात, हे काम झालंय हे वाचल्यापासून दुसरं काही मनात येत नाही. ताम्रसृती (रेडशिफ्ट) ०.०४६ म्हणजे समूह जवळचा, आकाशात ऐसपैस पसरलेला. एक्सएमएमचं क्षेत्र ३० कलामिनिटांचं, चंद्राच्या मुख्य कॅमेऱ्याचं १७ च्या आसपास. मला कमानीपर्यंतचा वायू हवाय, तीक्ष्णता थोडी गेली तरी चालेल.

होटगीरोड
कमानीपाशी वायू अगदी विरळ असतो, पार्श्वभूमीच वरचढ होईल. चार महिन्यांत अवघड आहे.

रोहिणी_सोलापूर
हो दादा, म्हणूनच भडक्यांपासून सुरुवात केलीय. काल रात्री पहिला लाइट कर्व्ह (वेळेनुसार फोटॉनची संख्या दाखवणारा आलेख) काढला, शेवटचा भाग सगळा उसळलेला आहे. कुठल्या पातळीवरचा भाग कापायचा तो उंबरठा हातानं ठरवू की हिस्टोग्रामला गाउशियन (घंटेसारखा वक्र) बसवून?