पवनचक्कीची वीज दाबलेल्या हवेत साठवायची? आपल्या बेळगावात जमेल का

सौंदत्तीकर:
आषाढात आमच्या माळावरच्या पवनचक्क्या थांबायचं नाव घेत नाहीत, नेमके तेव्हाच शेतपंप बंद. माघात ऊस पाणी मागतो तर वारा पडलेला आणि थ्री-फेज रात्री-अपरात्री. जादा विजेनं हवा दाबून जमिनीखाली कोंडायची, लागेल तेव्हा टर्बाइनवर सोडायची. जर्मनीत हुंटॉर्फला १९७८ पासून चालू आहे. आपल्याकडे का नको?

उद्यमबाग फौंड्रीवाला:
रोज कंप्रेसर चालवतो म्हणून सांगायलोय. हजार लिटरची टाकी आठ बारला, म्हणजे बाहेरच्या हवेच्या साधारण आठपट दाबाला भरली तरी अगदी आदर्श हिशेबानं युनिटचा तिसरा हिस्सा. पाच एचपीची मोटर पाच मिनिटंही चालायची नाही. दाबताना हवा तापते, ती उष्णता वाया जाते. सोडताना गारठते, म्हणून हुंटॉर्फला गॅस जाळतात. कार्यक्षमता ४२ टक्के! आणि आषाढातली हवा माघात? अमेरिकेतल्या मॅकिंटॉशच्या अशाच केंद्राची हवेची गुहा पूर्ण भारावर २६ तासांत रिकामी होते.

चिकोडीची बाई:
टाकी दाखवून गुहा मोडीत काढताय होय? हुंटॉर्फच्या दोन गुहा मिळून तीन लाख घनमीटर आहेत. उष्णता वेगळी साठवून परत वापरायचं तंत्रही आलंय. चीनमध्ये झांगजियाकोऊला २०२२ मध्ये १०० मेगावॉटचं असं केंद्र गॅसशिवाय जोडलं गेलं. माघाचं राहू द्या, दुपारची वीज संध्याकाळी मिळाली तरी पुष्कळ.

उद्यमबाग फौंड्रीवाला:
ताई, हुंटॉर्फ काय, मॅकिंटॉश काय, त्या गुहा मिठाच्या. मीठ पाण्यानं विरघळवलं की स्वस्तात पोकळी, शिवाय हवा गळत नाही. आपल्याकडे पश्चिमेला काळा कातळ, गोकाककडे वाळूचा दगड. मीठ फक्त किराणा दुकानात.

खानापूरकर:
मंगळूर आणि पाडूरला खडक फोडून तेल साठवलंय की!

उद्यमबाग फौंड्रीवाला:
साठवलंय. पण ते तेल भोवतीच्या भूजलाच्या दाबानं आत राहतं. साठ बारची हवा तशी कोंडायची तर सहाशे मीटर खाली जा, नाहीतर आतून स्टीलचं अस्तर लावा. खर्च कोण देणार? त्यापेक्षा सौंदत्तीलाच रेणुकासागर धरणावर मोठा पंप स्टोरेज आखलाय. पाणी वर चढवून सोडलं की ७५-८० टक्के वीज परत हातात. डोंगर आहे, धरण आहे, बीळ कशाला उकरायचं?

सौंदत्तीकर:
धरण आहे ओ, पण पाऊस लांबला की तळ दिसतो. तेव्हा पाणी आधी तुमच्या टर्बाइनला की नरगुंद-नवलगुंदच्या कालव्याला? हवेला तेवढा तंटा नाही.

उद्यमबाग फौंड्रीवाला:
पाणी तेच तेच वर-खाली फिरतं, बाष्पीभवनाची तूट तेवढी. पहिल्या भरणाचं पाणी कुणाच्या वाट्यातून घेणार, हे मात्र आत्ताच लेखी मागून घ्या.